आईचा आकडा

आमच्या आईने आयुष्यात विडीला हात लावला नाही. तरीही डॉक्टरांनी सी.ओ.पी.डी.चे निदान केले, तेव्हा मी चक्रावून गेलो. त्यांनी आईलाच विचारले, "चुलीवर किती वर्षे रांधलंत?" जुहूच्या कोळीवाड्यात नांदायला आल्यापासून तीस वर्षे तिने फुंकणीने चूल पेटवली होती. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या या रोगाकडे व चुलीच्या धुराकडे लक्ष वेधले होते, हे पुढे वाचनात आले.

धाप लागते म्हणून आम्ही तिला बसवून ठेवले. बाजार बंद, पाणी भरणे बंद, मिस्सेलादेखील रिक्षाने. त्यात माया होती, यात शंका नाही. पण दोन वर्षांत दुसरेच काही हरपू लागले. जिने जन्मभर मासळी पारखली, ती बोंबलाला 'ते पांढरं, लुसलुशीत' म्हणू लागली. वय झाले, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली.

ती समजूत एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मोडली. या रोगात अनेकांच्या रक्तात प्राणवायू कमी पडतो, अंगात दाह रेंगाळतो, त्यात हालचाल थांबली की मेंदूलाही झळ पोचते. फुप्फुसे पूर्ववत होणार नाहीत. पण पायांचे स्नायू आणि मेंदू यांच्यासाठी अजून बरेच करता येईल, असे त्या म्हणाल्या. अमेरिकेत चार्ल्स एमरी व सहकाऱ्यांनी १९९८ साली अशा ७९ रुग्णांचा दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. ज्यांनी व्यायाम केला, त्यांना शब्द अधिक सहज सुचू लागले. नुसती माहिती आणि ताण हलका करण्याचे शिक्षण मिळालेल्यांत तो फरक दिसला नाही.

पण व्यायाम किती जोराचा? खरी भीती इथेच होती. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची एक पट्टी आहे : शून्य म्हणजे धाप नाही, दहा म्हणजे असह्य. आईने चार ते सहाच्या दरम्यान राहायचे, दोन मिनिटे चालून एक मिनिट थांबायचे, ओठ शीळ घातल्यासारखे करून श्वास सावकाश सोडायचा. बोटावरच्या यंत्रात आकडा ८८च्या खाली गेला, तर थांबायचेच.

ओहोटीची वेळ पाहून आम्ही चौपाटीवर जाऊ लागलो. ओल्या, घट्ट वाळूवर आई "तीन" म्हणे. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला दुपटीहून अधिक शक्ती लागते; तिथे चार पावलांत "पाच". हा शोध तिचा तिनेच लावला आणि जोर कमीजास्त करायला वाळू बदलू लागली. एकदा तिची छाती भात्यासारखी हलताना पाहून मी तिला खाली बसवू लागलो. ती चिडली. "हात सोड. आकडा माझा आहे, तुझा नाही. पाचच आहे!"

मी हात सोडला. माझ्या भीतीचा आकडा मात्र दहा होता.

तीन महिन्यांनी कोळणीच्या पाटीपुढे तिने घोळ, दाढा, मांदेली अशी नावे भराभर घेतली. सारेच परतले असे नाही. नातवाला ती अजून कधी माझ्या नावाने हाक मारते. हिवाळ्यात धुरकट हवा दाटली की समुद्र बंद, मग घरातल्या घरात फेऱ्या.

काल ओहोटी होती. ती चप्पल हातात घेऊन आपणहून कोरड्या वाळूकडे वळली. मी मागून विचारले, "किती?"

"थांब," ती म्हणाली, "चालून तर बघू दे."