डिसेंबरातला काटा

नाताळ जवळ आला की गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती घरांत काट्या-चमच्यातल्या काट्याला मान येतो. एरवी हा पाहुण्यांपुरता. मासळी-भात हाताने कालवून खाणाऱ्या घरात त्याला रोजचं काम ते काय असणार? डिसेंबरात मात्र तो कारागीर होतो, आणि माझ्या मते तीच त्याची खरी ओळख.

त्याचं पहिलं काम कुलकुलांचं, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोड खाऊचं. मैदा, थोडा रवा, अंडं, नारळाचं दूध, तूप, साखर आणि चिमूटभर मीठ घालून पीठ घट्टसर मळतात आणि झाकून मुरू देतात. मग बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर ठेवायची, अंगठ्याने चेपत दातांवर पसरायची आणि एका टोकाकडून गुंडाळत अलगद सोडवायची. हातात येतो तो इवलासा शंख, आतून पोकळ आणि बाहेरून रेघारेघांचा. या रेघा शोभेपुरत्या नाहीत. तळल्यावर कुलकुल पाकात घोळलं की साखर त्यांच्या खाचांत धरून राहते. पातळ पारी आणि आतली पोकळी यांमुळे ते सगळीकडून सारखं तळलं जातं. शेवटची कड नीट चिकटवली नाही, तर शंख तेलात उलगडतो. पारी जाड राहिली, तर आत कच्ची राहते. काट्यापुढे घाई चालत नाही.

काटे पुरले नाहीत तर कोरी फणी येते मदतीला. कुलकुलांसाठी राखलेली ही फणी केसांना कधीच लागत नाही. तिचे दात बारीक, म्हणून तिची रेघ अधिक नाजूक.

काट्याचं दुसरं काम बोलिन्हांचं, म्हणजे खोबऱ्याच्या बिस्किटांचं. भट्टीत भाजायची ही रीत गोव्यात पोर्तुगीजांबरोबर रुजली. त्यांची सत्ता तिथे १५१० पासून १९६१ पर्यंत होती. खोबरं मात्र इथल्याच माडांचं. वाटलेलं खोबरं, रवा, साखरेचा पाक, अंड्यातला बलक आणि वेलची यांचं मिश्रण रात्रभर मुरतं. सकाळी चपटे गोळे वळले की काटा त्यांच्यावर एकदा उभा, एकदा आडवा टेकतो आणि चौकड्या उमटतात. नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या वेळी तो कडेकडेने दात रोवत जातो आणि आतलं सारण राखतो.

त्याचा सगळ्यात मोठा गुण असा, की तो माणसं जमवतो. किलोभर मैद्याची कुलकुलं एकटीने वळायची तर रात्र सरते, म्हणून दुपारी टेबलाभोवती सगळं घर बसतं. नोकरीच्या गावाहून आलेला मुलगा, शेजारच्या मुली, आजोबासुद्धा. लहानांची कुलकुलं जाडजूड आणि वाकडी, आजीची नखाएवढी. तळली की सगळी एकाच परातीत पडतात, तरी कुठलं कुणाचं ते घरातल्या माणसाला रेघेवरून कळतं, कारण प्रत्येक अंगठ्याचा दाब वेगळा असतो.

मग ताटं भरतात. कुलकुलं, नेवऱ्या, बोलिन्हा, गूळ-नारळाचा दोदोल. वर स्वच्छ रुमाल. गोव्यात या ताटाला कोन्सुआदा म्हणतात, मंगळुरात कुस्वार. ज्या हिंदू शेजाऱ्यांकडून चतुर्थीला नेवऱ्या आणि दिवाळीला फराळ आलेला असतो, त्यांच्या दारीही हे ताट आठवणीने जातं. काट्याच्या रेघा अशा सगळ्या वाड्यावर पोचतात.

आता बेकऱ्यांतून कुलकुलांची पाकिटं मिळतात, आणि ज्यांना वेळच नाही त्यांनी ती जरूर आणावीत. पण पाकिटातल्या कुलकुलावर आपल्या कुणाचा अंगठा नसतो. ही कला सांगून येत नाही. शेजारी बसून, हात बघतच शिकावी लागते. दोन नाताळ कुणी बसलं नाही, तर घरातली ती विशिष्ट रेघ कायमची जाते. म्हणून यंदा वाटीभर मैदा तरी घरी मळा, आणि पहिला काटा घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातात द्या.