कवीपासून जोशापर्यंत

चाळीसगावाहून दक्षिणेला निघालं की सातमाळ्याच्या डोंगराला लागूनच पाटणं येतं. माणसं तिथे चंडिकादेवीच्या दर्शनाला जातात, पावसाळ्यात धबधबे बघायला जातात. मी पत्रिका बघतो, पंचांग सांगतो. मला पाटण्याची ओढ वाटते ती तिथल्या पडक्या देवळातल्या एका शिलालेखामुळे. तो लेख एका जोशाचा आहे. चांगदेव त्याचं नाव. तापी-पूर्णेच्या संगमावरचे योगी चांगदेव ते वेगळे. हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी.

राजाच्या जोशाने दगडावर काय कोरावं? सांगितलेली भविष्यं, मिळालेले मान, हे सगळं त्याला कोरता आलं असतं. त्याने आपला वंश सांगितला. त्या वंशाच्या मुळाशी जोशी नाही, कवी आहे: कविचक्रवर्ती त्रिविक्रम. मग एकामागून एक पंडित, मग महेश्वर, महेश्वराचा मुलगा भास्कराचार्य, भास्कराचार्यांचा लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचा हा चांगदेव. आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी आणि त्यांच्या घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला. त्या मठाला 9 ऑगस्ट 1207 या दिवशी, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणात, निकुंभ घराण्यातल्या राजाने दान दिलं. लेख संस्कृतात चालतो आणि शेवटी व्यवहार आला की मराठीत उतरतो. बाजारात येणाऱ्या मालातला वाटा मठाला, आणि गावात जितके घाणे चालतील तितक्या पळ्या तेल. आठशे वर्षांपूर्वी या खानदेशात तेल्याच्या घाण्यावर गणिताची शाळा चालत होती, हे आठवून मला दर वेळी नव्याने भरून येतं. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाडांनी हा लेख उजेडात आणला, नाहीतर आम्हाला आमचंच घर कळलं नसतं.

घर म्हणतो, कारण ज्योतिषाकडे कसं बघावं हे मी तिथून शिकलो. सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी या विद्येची साखळी उलगडून ठेवली आहे. जुने गणक म्हणतात की ज्योतिषाचं फळ म्हणजे भविष्यकथन. पण ते टेकतं लग्नावर, म्हणजे पूर्वेला उगवत्या राशीवर; लग्न टेकतं स्पष्ट ग्रहांवर, ग्रह गोलावर, आणि गणिताशिवाय गोल कळत नाही. म्हणजे ज्याला गणित येत नाही त्याने पुढचं बोलूच नये. हे सांगणारा माणूस कोरडा नव्हता. त्याच गोलाध्यायात त्यांनी ऋतूंचं वर्णन करायला वेगळी जागा काढली आहे. यंत्रं आणि ग्रहगती शिकवता शिकवता वसंत आणि वर्षा यांच्यापाशी थांबावंसं वाटणं, हा त्रिविक्रमाचा अंश असावा असं मला वाटतं. सिद्धान्तशिरोमणी पुरा झाला 1150 साली, तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते.

लीलावतीची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मुलीच्या लग्नासाठी वडिलांनी एकच घटका शोधून काढली, घटिकापात्र पाण्यावर ठेवलं, ती वाकून बघायला गेली, दागिन्यातला मोती निसटून पात्राच्या भोकावर बसला आणि मुहूर्त टळला. मग वडिलांनी तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांनी स्वतः हे कुठेही लिहिलेलं नाही. ही गोष्ट येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 साली केलेल्या फारसी भाषांतरात. हाच फैजी पुढे 1591 साली अकबराचा वकील म्हणून बुऱ्हाणपूरला, खानदेशच्या फारुकी दरबारात आला होता. गोष्ट खरी नसेलही. पण मुहूर्त काढून देणाऱ्या प्रत्येकाने ती मनाशी धरावी. जगातल्या उत्तम गणितज्ञाच्या हातूनही घटका निसटली, आणि निसटल्यावर त्या बापाने मुलीच्या पत्रिकेला दोष दिला नाही, तिला विद्या दिली. घोडनवरी म्हणून जिची पत्रिका माझ्यापुढे सरकवली जाते, ती मुलगी आतल्या खोलीतून ऐकत असते. तिच्याबद्दल काय बोलायचं, हे मी त्या बापाकडून घेतलं.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी मला आणखी एक गोष्ट दिली, आणि ती पचायला जड गेली. दीक्षित मूळचे कोकणातल्या मुरुडचे. शिक्षकाच्या नोकरीत गावोगाव फिरले, त्यात धुळ्यालाही होते. त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ 1896 साली निघाला. ते सायन पंचांगाचे, म्हणजे सूर्याच्या खऱ्या अयनावर बेतलेल्या पंचांगाचे, कैवारी. सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या एकवीस-बावीसला, आणि आपण संक्रांत करतो जानेवारीच्या चौदा-पंधराला. अयनबिंदू सरकत जातात, म्हणून शतकाशतकाने हे अंतर वाढत गेलं आहे. दीक्षितांना वाचल्यावर पंचांगाकडे बघताना हात जोडले जातात, पण डोळे मिटत नाहीत. पंचांग माणसांनी केलेलं आहे, ते आकाशाशी ताडून बघायचं असतं.

इथपर्यंत सगळं आकाशाचं झालं. समोर बसलेल्या माणसाचं मला शिकवलं ते आसोद्याच्या लेकीने. बहिणाबाई चौधरी 1880 साली जन्मल्या, शाळेचं तोंड पाहिलं नाही, तरुणपणीच कुंकू पुसलं गेलं, आणि शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणी रचत राहिल्या. ती लिहून घेतली घरच्यांनी, आणि त्यांच्या माघारी, 1952 साली, पुस्तक निघालं. त्यात एक गाणं थेट ज्योतिषाला उद्देशून आहे. त्यात त्या हात दाखवायला नकार देतात आणि त्याला दारातून परत पाठवतात. मी ते गाणं माझ्याविरुद्धचं मानत नाही. ज्या बाईच्या नशिबात जे व्हायचं ते होऊन गेलं आहे आणि जिला उद्या पहाटे पुन्हा शेतात जायचं आहे, तिच्या पुढ्यात जाऊन ग्रह मोजणं ही क्रूरता आहे. रावेरच्या केळीवाल्याची बाग वादळात आडवी झाली, अमळनेरच्या एखाद्या घरचा कर्ता माणूस गेला, की त्यांच्यापुढे मी पंचांग उघडत नाही. त्यांना बोलू देतो. हे कुठल्याही संहितेत मला सापडलं नाही.

आणि वाट बघणाऱ्यांचं मला शिकवलं ते कॅकी मूस यांनी. चाळीसगावच्या स्टेशनाजवळच्या घरात हा पारशी कलावंत वर्षानुवर्षं फारसा उंबरा न ओलांडता राहिला, 1989 साली जाईपर्यंत. मेजावर साध्या वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा, आणि फोटोत अख्खा देखावा उभा करायचा. कुणाची तरी वाट बघत रात्रीच्या गाडीच्या वेळी ते दार उघडं ठेवत, असं आमच्याकडे सांगतात. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं अशीच कशाची तरी वाट बघत असतात. ‘महाराज, कधी?’ एवढाच त्यांचा प्रश्न असतो. त्या ‘कधी’ला मी पूर्वी तारखा देत असे. आता आधी विचारतो की किती दिवसांपासून वाट बघता.

आता कुंडली मोबाइल मांडून देतो. त्याचं मला दुःख नाही, आकडेमोड बिनचूक झाली तर चांगलंच. दुःख एवढंच की या जिल्ह्यात ज्योतिष शिकणाऱ्या पोराला लग्न कसं निघतं हे माहीत नसतं आणि बहिणाबाईंचं ते गाणंही पाठ नसतं. जळगावच्या विद्यापीठाला आता बहिणाबाईंचं नाव आहे, पाटणं त्याच जिल्ह्यात आहे. दर श्रावणी पौर्णिमेला तिथे एक वर्ग भरावा. सकाळी पोरांना पाटी-पेन्सिल देऊन पुढचं ग्रहण हाताने काढायला लावावं, चुकलं तर पुन्हा. दुपारी आसोद्याच्या एखाद्या आजीला बोलवावं आणि ज्योतिषाला परत पाठवणारं ते गाणं तिच्या तोंडून, लेवा बोलीतच, त्यांना ऐकवावं. तेलाचा खर्च मी देतो.