शेअर आणि वायदा यांत फरक आहे, मंडळी!

उमरोळीहून बोईसरला जाणाऱ्या लोकलमध्ये हल्ली क्रिकेटइतक्याच गप्पा 'कॉल' आणि 'पुट'च्या चालतात. तारापूर एमआयडीसीत कामाला जाणारी आपली पोरं म्हणतात, "शेअर मार्केट करतो." पण बरेच जण शेअर घेतच नाहीत. ते वायदे करतात, म्हणजे एफ अँड ओ. हा फरक मुंबईने दीडशे वर्षांपूर्वी फार महागात शिकला.

१८५०च्या दशकात मुंबईच्या टाउन हॉलसमोर, आताच्या हॉर्निमन सर्कलपाशी, वडाच्या झाडाखाली दलाल जमायचे. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना. गिरण्यांना आपला कापूस लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. आपल्या उमरोळीवरून जाणारा लोहमार्गही त्याच धामधुमीतला. बीबी अँड सीआय रेल्वे १८६४ला मुंबईत पोचली, गुजरातचा कापूस घेऊन.

पैसा आला तशा कंपन्या निघाल्या. समुद्रात भराव घालणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार हलायचा. पण कितीतरी सौदे नुसते तोंडी होते. भाव आज ठरवायचा, पैसे आणि शेअर पुढच्या तारखेला.

१८६५च्या एप्रिलमध्ये युद्ध थांबत आलं, कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांची मुदत भरली, तेव्हा घेणाऱ्याकडे पैसे नव्हते आणि देणाऱ्याकडे शेअर नव्हते. भलेभले बुडाले. बँक ऑफ बॉम्बेलाही पुढे गाशा गुंडाळावा लागला.

दहा वर्षांनी, १८७५ला, दलालांनी एक रुपया प्रवेश फी ठेवून रीतसर संघटना केली. तोच आपला मुंबई शेअर बाजार, आशियातला सगळ्यात जुना. तोक्योचा त्यानंतर, १८७८चा.

आता कोणी म्हणेल, वायदा वाईटच का? तर नाही. जपानमध्ये ओसाकाच्या दोजिमाला १७३०पासून तांदळाचा सरकारमान्य वायदेबाजार होता. ज्याच्या कोठारात तांदूळ आहे त्याला वायदा म्हणजे भाव पडला तर विमा. ज्याच्याकडे तांदळाचा दाणा नाही, त्याने केला तर ती पैज.

पैज कोण जिंकतं? सेबीचा सप्टेंबर २०२४चा अहवाल बघा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या शंभरातल्या ९३ सामान्य लोकांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. नफा मुख्यतः संगणकाच्या अल्गोरिदमवर सौदे करणाऱ्या मोठ्या संस्थांनी नेला. आपला पोरगा लोकलच्या दांड्याला लटकून, एका हाताने मोबाइलवर त्यांच्याशी लढतोय.

शेअर पडला तरी कंपनीतला वाटा तुमच्याकडे राहतो, थांबता येतं. विकत घेतलेल्या ऑप्शनचा अंदाज चुकला तर एक्स्पायरीला भरलेला प्रीमियम शून्य. थांबायला काही उरतच नाही.

हे आत्ताच लिहायचं कारण आहे. बुलेट ट्रेन, एक्स्प्रेस वे, मालगाड्यांचा नवा मार्ग, या सगळ्यांसाठी पालघर तालुक्यात जमिनी गेल्या. मोबदल्याचा पैसा घराघरांत आला. मुंबईच्या कापसाच्या पैशासारखा हाही एकदाच येणारा. जमीन काही पुन्हा पिकायची नाही, आणि टिप देणारे टेलिग्राम ग्रुप हा पैसा बरोबर हेरतात.

म्हणून आयाबहिणींनो, दादांनो, घरात पोरगा "मार्केटमध्ये टाकलेत" म्हणाला तर ओरडू नका. शांतपणे एवढंच विचारा, "शेअर घेतलेस की वायदा केलास?" आणि टिप देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा. तो खरा आहे का, हे सेबीच्या वेबसाइटवर फुकटात तपासता येतं. जमत नसेल तर मला मेसेज करा, बसून बघू.