आजोबांच्या फियाटचं इंजिन

खारघर

चि. सई,



तुरीनच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातला, बॉनेट उघडलेल्या फियाट 1100 चा फोटो मिळाला. तू ओळखलंस ते बरोबर. आपल्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी असलेली आजोबांची पद्मिनी आणि ही एकाच कुळातल्या. पण खाली लिहिलंयस, ‘मामा, ते डबडं इंजिन काढ आणि इलेक्ट्रिक मोटर बसव.’ डबडं म्हणालीस म्हणून राग नाही. आम्हीसुद्धा रस्त्यात उभे राहून तिला याहून वाईट शब्दांत बोललो आहोत. तरी आधी इंजिनाची कुळकथा ऐक, मग काय ते ठरव.

इंजिन 1937 सालचं. दान्ते जियाकोसा हे नाव तुला तिथे भेटलंच असेल, तो तुझ्याच पॉलिटेक्निकमधून शिकून बाहेर पडलेला. त्याच्या देखरेखीखाली फियाटची 508 सी तयार झाली आणि तिच्यासाठी हे 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. पुढे ते सुधारत सुधारत 1100 मध्ये आलं. इकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली होती, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी आपल्या रस्त्यांवर उतरली. 1964 मध्ये डिलाइट, 1972 मध्ये प्रेसिडेंट, 1974 मध्ये पद्मिनी. बारशी झाली, इंजिन तेच. आपण मराठी माणसं तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिलो.

तुमच्याकडे 1969 मध्ये 1100 बंद झाली आणि आडव्या इंजिनाची, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी 128 आली. तीही जियाकोसाचीच. आपल्याकडे मात्र 1100 आणखी तीस वर्षं निघत राहिली. ती फार चांगली होती म्हणून नाही. लायसन्सचं राज्य होतं, दुकानात दुसरा मालच नव्हता. आजोबांनी पैसे भरून गाडीची वाट पाहिली ती वर्षांच्या हिशेबाने. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली तेव्हा लोकांना कळलं की एक सिलिंडर कमी, जवळपास तीनशे सीसी कमी, तरी ताकद साधारण तेवढीच मिळू शकते. त्या दिवसापासून फियाटचं वय दिसायला लागलं.

आता तिच्या खोडी. पहिली घाटाची. इथून कळंबोली गाठली की तासाभरात खोपोली, आणि तिथून बोरघाट चढायला लागलो की तापमानाचा काटा आमच्या आधी वर चढायचा. पंखा पट्ट्यावर चालणारा. इंजिन जोरात फिरलं तर तोही जोरात. म्हणजे ट्रकच्या मागे रखडलात, जेव्हा वाऱ्याची खरी गरज, तेव्हाच तो मरगळलेला. त्यात अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. हेड एकीकडे, ब्लॉक दुसरीकडे आणि मधल्या गॅसकेटचं मरण. एकदा ते फुटलं की सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि ऑइलची काडी बाहेर काढावी तर तिच्यावर दुधाचा चहा. हेड वाकलं असेल तर लेथवर फेसिंग. तुझ्या आईला विचार, शिंग्रोबाच्या देवळापाशी आम्ही किती वेळ काढलाय ते.

दुसरी खोड पेट्रोलची. पेट्रोलपंप इंजिनाच्या अंगालाच चिकटवलेला. उन्हाळ्यात नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी मुकाट बंद पडायची. उपाय एकच, पंपावर ओला फडका टाकायचा आणि सावलीत गप्पा मारत बसायचं. आजोबा त्यासाठी वेगळा फडका ठेवत. त्याने कोणी काच पुसलेली त्यांना चालत नसे.

शिवाय क्रँकला तीनच मेन बेअरिंग, त्यामुळे एक्स्प्रेसवेवर वेग धरला की सगळी गाडी गुरगुरते. धूरही घाण. कार्बुरेटर बिचारा अंदाजाने पेट्रोल देतो, त्याला ना सेन्सर ना कन्व्हर्टर. 2000 सालचे प्रदूषणाचे नियम तिच्या गळ्याशी आले, त्यात काही अन्याय झाला असं मला वाटत नाही.

मग मुंबईचे टॅक्सीवाले चाळीस-चाळीस वर्षं तिला का चिकटून राहिले? कॉम्प्रेशन कमी, म्हणून कसलंही पेट्रोल पचायचं. पुढे सीएनजी आला, तोही तिने पचवला, फक्त पुलाच्या चढावर धाप लागायची. आणि मोडली तर मोडली, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तिचा कुठलाही अवयव मिळायचा. ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरांनी ‘दणकट’ म्हणून तिचे गोडवे गायले. दणकट कसली! सारखी बिघडायची. पण बिघडलेलं डोळ्यांना दिसायचं आणि दोन पान्यांत हाताला यायचं.

टॅपेटची फट लावायचंच बघ. इंजिन थंड असताना वरचं झाकण काढायचं. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, म्हणजे चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हलकेच झुलायला लागले की पहिल्याचे टॅपेट मोकळे. फटीत फिलरचं पातं घालायचं. ते किंचित अडखळत सरकलं पाहिजे, सुळकन गेलं तर सैल आणि ओढावं लागलं तर घट्ट. स्क्रू धरून ठेवायचा आणि नट आवळायचा. नट आवळताना स्क्रू हटकून फिरतो, की पुन्हा पहिल्यापासून. मी कॉलेजात इंजिनाच्या चार स्ट्रोकची आकृती पाठ केली होती, पण ती कळली ते आजोबांनी हातात पातं दिलं तेव्हा. परवा गॅरेजमधल्या नव्या पोराने बॉनेट उघडून विचारलं, ‘काका, स्कॅनर कुठे लावायचा?’ हुशार पोरगा आहे, त्याला फिलर धरायला शिकवतोय.

तर मोटर नको. रोज ऑफिसला न्यायची असती तर तुझं म्हणणं मी ऐकलंही असतं. पण ही रविवारी सकाळी उत्सव चौकापर्यंत जाते, सेंट्रल पार्कला वळसा घालून परत येते. एवढ्यासाठी तिचं काळीज काढून काय मिळवायचं? आणि ते काढल्यावर उरेल तो नुसता पत्रा, त्याला तर आधीच गंज लागलाय.

उलट तुझ्याकडेच काम आहे. गॅसकेट पुन्हा पाझरतंय. इथे मिळणारी हल्ली बेभरवशाची आहेत, एक तर वर्षभरही टिकलं नाही. तिथे जुन्या फियाटचे सुटे भाग विकणारे असतीलच, त्यांच्याकडे 1100-103 चं हेड गॅसकेट माग. नुसतं 1100 डीचं म्हणू नकोस, इटलीतल्या डीला 1221 सीसीचं इंजिन होतं, त्याचं बोअर 72. आपल्याला 68 वालं हवंय. जुन्या गॅसकेटवर पट्टी ठेवून फोटो काढलाय, सोबत पाठवतोय, घेण्याआधी पाण्याची भोकं एकेक करून ताडून बघ. मिळाली तर दोन घे. येताना बॅगेत कपड्यांच्या मध्ये सपाट ठेव, दुमडू नकोस.

तुझा,
मामा