पाहुणी चांदणी

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असे आपल्याकडे म्हणतात. मग पंधरा वर्षे मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्याला काय म्हणावे? असा एक पाहुणा आमच्या मराठवाड्याच्या रस्त्यांनी पाहिला आहे. टाटांच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार केला. त्याच वर्षी जमशेदपूरला पहिली मालमोटार तयार झाली आणि तीन टोकांची चांदणी नाकावर मिरवीत तिच्या बहिणी गावोगाव हिंडू लागल्या. ‘टाटा-मर्सिडीज-बेंझ’ एवढे लांबलचक नाव घ्यायला लातूरच्या अडतीत कुणाला सवड असणार? आम्ही नुसते ‘मर्सडी’ म्हणत असू.

लातूरला तिचे अप्रूप अधिक. आमची बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांची. तुरीच्या डाळीचे पोते कुर्डुवाडीला पोचले, की मोठ्या गाडीत चढण्यासाठी पुन्हा हमालाच्या पाठीवर! रुंद रुळांचे काम पुरे व्हायला २००८ साल उजाडावे लागले. मालमोटारीत मात्र अडतीच्या दारात चढलेले पोते थेट व्यापाऱ्याच्या दारात उतरे.

१९६४ साली माझ्या काकांनी एक मर्सडी घेतली. त्यासाठी काकूच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या. खंडेनवमीला काकू त्या चांदणीला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घाली. घरचे सोने गेल्यावर तिच्यापाशी चकाकणारे एवढेच उरले होते.

१९६९ साली करार संपला. नव्या गाड्यांवरची चांदणी गेली आणि टाटांचे ‘टी’ अक्षर आले. काकांची झोप उडाली. सावकाराचे हप्ते अजून फिटायचे होते. त्यातच नांदेडला गिअर बॉक्स रुसला. तिथल्या उस्तादांपुढे काका हताश होऊन म्हणाले, “उस्ताद, जर्मन तर गेला. आता सामान कुठून आणायचं?”

उस्तादांनी तेलकट हातांनी एकेक भाग उचलून दाखवला. “हे बघा मालक, हा इथला. हा पण इथलाच. तुमच्या गाडीतली जर्मनी कवाच संपली. ती चांदणी तेवढी राहिली, अन् तिच्यावर काय गाडी चालत नसते.”

तिसऱ्या दिवशी गाडी डाळ घेऊन निघाली. दोन वर्षांनी पाटल्याही घरी आल्या.

तो पाहुणा काही धर्मादाय करायला आला नव्हता. त्याला धंदा करायचा होता. पण यजमानही नुसते ताट वाढून बसले नाहीत, पाहुण्याकडून रांधायला शिकले. म्हणून तो उठून गेला तरी चूल विझली नाही.

पुढे तोच जर्मन परत आला. २०१२ साली चेन्नईजवळ स्वतःचा कारखाना काढून तो ‘भारतबेंझ’ नावाच्या गाड्या बनवू लागला. ज्याला शिकवले, त्याच्याशीच आता त्याची बरोबरी चालू आहे. नांदेडला उस्तादांच्या नातवाकडे दोघांच्याही गाड्या येतात. तो कुणाच्याच नावाला भुलत नाही. “आधी इंजिन दाखवा,” म्हणतो.