मला वाटलं, दादा पिऊ लागला

लिव्हर खराब होतं ते पिणाऱ्याचं, ही माझी पक्की समजूत. न पिणाऱ्याला कावीळ झालीच, तर माळ आहे. आमच्या रिसोडकडे माळ देणारे, हातावर चुन्याचं पाणी ओतून कावीळ ‘उतरवणारे’ कुणाला शोधावे लागत नाहीत. मी पदवीधर, तरी मानायचो. माळ घातलेली माणसं बरी होताना पाहिली होती ना! दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपसूक बरी होते आणि हिरव्या काड्या वाळल्या की गाठी सैल होऊन माळ लांबते, हे मला फार उशिरा कळलं. त्याच ई प्रकारच्या काविळीने २०१२ साली इचलकरंजीत बळी घेतले.

दादा कधीच पीत नव्हता. सोयाबीन विकून आला की हिशेब वहीत तोच लिहायचा. त्या हंगामात वही उघडली, तर अक्षर ओळ सोडून खाली घसरलेलं, एकच रक्कम दोनदा मांडलेली. मी म्हटलं, “दादा, असं काहून लिहून रायला?” तो नुसता हसला. दिवसा ओसरीवर घोरायचा, रात्री टक्क जागा. पाय सुजलेले, पोट पुढे आलेलं. लघवी पिवळीजर्द व्हायची, ती उन्हाच्या खात्यावर गेली. मला एकच संशय: हा चोरून प्यायला लागला.

एका दुपारी तो झोपलेला असताना मी त्याचं तोंड हुंगलं. दारूचा वास नव्हता. गोडसर, कुबट असा काहीतरी होता. तरी मला वाटलं, वास मारायला काही खाल्लं असेल. भावाच्या आजाराआधी मला घराची अब्रू दिसली.

अकोल्याला नेलं तेही हिरड्यांतलं रक्त थांबेना म्हणून. रक्त गोठवणारी प्रथिनं लिव्हरच बनवतं, हे तिथे कळलं. डॉक्टरांनी दादाला दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलायला लावले, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे. पंजे ठरेनात. क्षणभर वर राहायचे, मनगटातून खाली पडायचे, पुन्हा उचलले जायचे. दादा स्वतःच्या हातांकडे परक्यासारखा बघत होता. याच हातांनी तो हिशेब लिहिला होता, आणि मी त्याला चुका दाखवत बसलो होतो. लिव्हरने निकामी करायचं अमोनियासारखं विष मेंदूपर्यंत पोचत होतं. “पितात का?” डॉक्टरांनी विचारलं. दादाने मान हलवली. त्याचं ‘नाही’ मी त्या दिवशी पहिल्यांदा खरं मानलं.

निघाला जुना हिपॅटायटिस बी. अमिताभ बच्चनना तो १९८२च्या ‘कुली’च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून झाला आणि कळला कितीतरी वर्षांनी, तोवर लिव्हरचा बराच भाग गेलेला. तिथे आमची काय कथा!

दादा आता औषधांवर आहे. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून झालं. ही तपासणी आणि औषधं २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. घरात कावीळ झालेलं माणूस असेल, पाय-पोट सुजलेलं असेल, तर त्याला आजचा वार विचारा, सही करायला सांगा. चुकलं, बरळलं किंवा दिवसाची रात्र करू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात न्या.