फाटकाची कडी



गेल्या महिन्यात आमच्या शेरूने शेजारच्या चिंगीला धरलं. शेरू म्हणजे मुलाने पुण्याला जाताना आमच्याकडे ठेवलेला लॅब्राडोर. चिंगी शेजारच्या वहिनींची अकरा वर्षांची पोमेरियन. देवळात जायच्या गडबडीत मी फाटकाची कडी लावली नाही. ओरडा ऐकून मागे वळले, तोवर चिंगीची मान शेरूच्या तोंडात होती. वहिनींनीच तिला सोडवलं. सात टाके पडले. डॉक्टरांचं बिल ४,८०० रुपये झालं, असं कामवाल्या मावशींकडून कळलं.

"कुत्र्यांच्या भांडणात आपण काय करणार?" हे म्हणाले. मलाही तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण वहिनींनी आमच्या फाटकाकडे बघायचं सोडलं. विश्रामबागेत वीस वर्षं आमची भिंतीला भिंत आहे.

माझा भाचा वकील आहे. त्याला फोन केला. "मावशी, भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे. जनावर सांभाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ते माणसाच्या जिवाला किंवा त्याला गंभीर दुखापत व्हायचा धोका असेल तर."

"आणि कुत्र्याला चावलं तर?"

"कायद्याच्या लेखी चिंगी ही वहिनींची मालमत्ता. तुझी हयगय दाखवून त्या दिवाणी कोर्टात भरपाई मागू शकतात."

मग त्याने डिसेंबर २०२२ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. दुचाकीखाली रस्त्यावरचं कुत्रं गेलं होतं. पाळणाऱ्याला कुत्रं लेकरासारखं असलं, तरी माणसाच्या जिवासाठी केलेली कलमं त्याला लावता येत नाहीत, असं म्हणून न्यायालयाने त्या मुलावरचा गुन्हा रद्द केला.

म्हणजे पोलीस काही येणार नव्हते. तरी झोप लागेना. बी.कॉम.ला ताळेबंद शिकले तेव्हापासून ठाऊक आहे, मागणारा दारात आला नाही म्हणून देणं मिटत नाही. कडी माझ्या हातून राहिली. आपल्या शास्त्रात यालाच प्रमाद म्हणतात.

शेरूला दिवसभर बांधून ठेवावं, असंही मनात आलं. भाचा म्हणाला, "तेही चालत नाही. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे." मला अहिंसाणुव्रताचे अतिचार आठवले. त्यांत बंध आहेच की!

चौथ्या दिवशी पैसे घेऊन गेले. वहिनींनी पाकीट न उघडता बाजूला ठेवलं. तळहात दाखवला, चिंगीला सोडवताना ओरबाडलेला. कलम २९१ चा धोका अगदी हाताशी येऊन गेला होता, हे तेव्हा कळलं.

"तक्रार करायची असती तर त्याच दिवशी केली असती," त्या म्हणाल्या. "चार दिवस तुम्ही आला नाहीत, त्याचं वाईट वाटलं."

यावर मला बोलता आलं नाही. हात जोडले.

आता फाटकाला आपोआप बसणारी कडी लावली आहे. शेरूला पहाटे साडेपाचलाच फिरवतो, चिंगी सातला बाहेर पडते. वहिनी पुन्हा बोलू लागल्या आहेत. चिंगी मात्र आमचं फाटक आलं की अजून रस्त्याच्या पलीकडून जाते.